वाचकांचे प्रश्न : हार्मोन उपचारांची लांबलेली तारीख

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीने हार्मोन उपचार घ्यायचे ठरवल्यापासून पहिली गोळी किंवा पहिले इंजेक्शन प्रत्यक्ष मिळेपर्यंत जो काळ जातो, तो कसा काढावा, असे ही मंडळी विचारतात. या अंकातील संपूर्ण सदर म्हणून त्याच प्रश्नाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी २४ वर्षांचा ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, असून सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. आईला सर्व ठाऊक आहे, वडिलांना अजून सांगितलेले नाही. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक भेटीत ‘आणखी थोडे थांबून पाहू’ असे म्हणत राहिले, त्यामुळे हार्मोन उपचारांसाठी लागणारे त्यांचे पत्र मिळण्यातच पुष्कळ काळ गेला. आता पत्र हातात आहे, तर पुण्यातील संप्रेरकतज्ज्ञांची, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांची, तारीख पुन्हा पुन्हा पुढे जात आहे. एक तारीख मिळाली होती, पण ती हळदीच्या हंगामात आल्यामुळे रजा मिळाली नाही. एसटीत कंडक्टर माझ्याकडे एक नजर टाकतो आणि न विचारता महिलांचे अर्धे तिकीट काढून देतो. पैसे वाचतात, पण ते तिकीट हातात धरवत नाही. छातीला दिवसभर क्रेप बँडेज आवळलेले असते. रात्री झोप लागत नाही. मी कमकुवत मनाचा आहे का?

उत्तर : नाही, आणि झोप उडण्याचे कारण स्वतःच्या स्वभावात शोधत बसू नका. २०२३ साली ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुरू करू इच्छिणाऱ्या ६४ प्रौढ व्यक्तींची तीत दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला औषध लगेच मिळाले आणि दुसऱ्या गटाला नेहमीच्या रांगेप्रमाणे तीन महिने थांबावे लागले. तीन महिन्यांच्या अखेरीस, ज्यांना औषध मिळाले त्यांची स्वतःच्या देहाविषयीची तगमग, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार लक्षणीय प्रमाणात कमी झाले होते, तर थांबलेल्या गटात तसा फरक दिसला नाही. ‘थोडे थांबल्याने काय बिघडते’ असे आपल्याकडे डॉक्टरसुद्धा सहज बोलून जातात. थांबल्याने सुधारणा हुकते, आणि ती थांबणाऱ्याची हुकते, हे या चाचणीने मोजून दाखवले आहे.

तुमच्या पत्रातील प्रतीक्षा एकसंध नाही, तिचे तीन तुकडे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पहिला तुकडा मानसोपचारतज्ज्ञांकडील. तो तुमच्यापुरता संपला असला तरी इतर वाचकांसाठी सांगतो. पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्यसेवेवर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवी आवृत्ती प्रसिद्ध केली. प्रौढ व्यक्तीला हार्मोन सुरू करण्यासाठी या विषयाची जाण असलेल्या एका व्यावसायिकाने केलेले मूल्यमापन तीत पुरेसे मानले आहे, आणि उपचारापूर्वी समुपदेशनाच्या अमुक इतक्या बैठका झाल्याच पाहिजेत अशी अट ठेवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, लिंगभाव-विसंगती (जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची जाणीव न जुळणे) मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. म्हणून ज्यांना दर भेटीत नुसते ‘थांबू’ असे ऐकावे लागते, त्यांनी नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे : आपल्याला अजून कोणती माहिती हवी आहे, ती किती भेटींत मिळेल आणि पत्र साधारण केव्हा देता येईल? आयुष्यभराच्या निर्णयाविषयी सावध राहणारे डॉक्टर या प्रश्नांना उत्तर देतात. ज्यांच्याकडे उत्तरच नसते, त्यांच्याकडून फाइल घेऊन दुसरे दार ठोठावण्यात काही गैर नाही. लिंगभाव ‘दुरुस्त’ करण्याची भाषा कोणी केलीच, तर तसे ‘उपचार’ करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरा तुकडा पुण्याच्या रांगेचा. संप्रेरकतज्ज्ञ मुळात मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत आणि त्यांच्यापैकी मोजकेच पारलिंगी रुग्ण घेतात, कारण बहुतेकांना हा विषय महाविद्यालयात शिकवलाच गेला नाही. त्यातच अमेरिकेच्या परकीय मदतीवर चालणारी हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथील पारलिंगी व्यक्तींसाठीची ‘मित्र’ क्लिनिके जानेवारी २०२५ मध्ये ती मदत गोठवल्यामुळे बंद पडली, आणि आपल्या भागातील अनेकांना जे ठिकाण सर्वांत जवळचे वाटत होते तेच नाहीसे झाले. हे तुमच्या हातात नाही. तरीही काही गोष्टी तुम्हाला करता येतात. पुण्यातील दवाखान्याला फोन करून, कोणी भेट रद्द केली तर आयत्या वेळी येऊ शकणाऱ्यांच्या यादीत नाव घालण्यास सांगावे आणि हंगाम नसलेले महिने आधीच कळवावेत. कोल्हापूर आणि मिरज येथेही चौकशी करावी. मिरजेला एवढी वैद्यकीय परंपरा आहे की कर्नाटकातून रुग्ण तेथे येतात, मग सांगलीच्या माणसाने थेट स्वारगेट गाठण्यापूर्वी तेथे विचारून पाहायला हवेच. पहिल्या भेटीपूर्वी लागणाऱ्या तपासण्या, म्हणजे हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), यकृत, मूत्रपिंड, साखर, कोलेस्टेरॉल आणि संप्रेरकांची पातळी, सांगलीतच करून अहवाल सोबत न्यावेत. अनेकदा पहिली भेट या तपासण्या लिहून देण्यातच जाते आणि दुसऱ्या तारखेसाठी पुन्हा रांग लागते. पुढच्या काही भेटी व्हिडिओवर होऊ शकतील का, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. दूरवैद्यकाचे राष्ट्रीय नियम २५ मार्च २०२० पासून अस्तित्वात आहेत आणि ओळखीच्या रुग्णाच्या पाठपुराव्याला त्यांत पुरेशी मोकळीक आहे.

तिसरा तुकडा रजेचा. मालकाला सर्व सांगण्याची गरज नाही. ‘संप्रेरकांचा त्रास आहे, पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे’ हे पूर्ण सत्य आहे आणि तेवढे पुरते.

आता औषध सुरू होण्यापूर्वी ज्याने खरा दिलासा मिळू शकतो त्याविषयी. तुम्ही पाळीचा उल्लेख केलेला नाही, परंतु तुमच्यासारख्या अनेकांचा महिन्यातील सर्वांत कठीण काळ तोच असतो. पाळी थांबवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनच हवे असे नाही. प्रोजेस्टिन वर्गातील गोळ्या किंवा इंजेक्शन देऊन स्त्रीरोगतज्ज्ञ ती थांबवू शकतात, आणि हे औषध सांगलीत कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला परिचित असते. त्या दवाखान्याच्या बाकावर बसणे किती जड जाते याची कल्पना आहे. दिवसातली शेवटची वेळ मागून घ्यावी, म्हणजे बहुधा बाक रिकामा मिळतो.

क्रेप बँडेज मात्र आजपासून बंद करा. ते श्वासाबरोबर सैल होत नाही, उलट हालचालीबरोबर आवळत जाते. फासळ्यांना इजा होते, श्वास उथळ होतो, आणि हळदीच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाला मोकळेपणाने खोकता येणे आवश्यकच असते. त्याऐवजी मापाचा बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून बनवलेले अंतर्वस्त्र) किंवा खेळाडू वापरतात तशी घट्ट ब्रा घालावी. तीही दिवसात आठ तासांहून अधिक नको आणि झोपताना तर मुळीच नको. जेवणाच्या सुट्टीत ती काढून दोन-चार खोल श्वास घ्यावेत आणि खोकून छाती मोकळी करावी. वर सैल शर्ट आणि बनियन घातल्यास हे कोणाच्या लक्षात येत नाही. बरगडीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर काही दिवस बांधणे पूर्ण थांबवावे.

अर्ध्या तिकिटाविषयी इतकेच सांगतो की पूर्ण तिकीट मागणे हा तुमचा हक्क आहे आणि न मागणे ही लबाडी नाही. भरलेल्या गाडीत चाळीस माणसांसमोर आपली ओळख सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर कोणी टाकलेली नाही. ज्या दिवशी बळ असेल त्या दिवशी पूर्ण तिकीट मागा, नसेल त्या दिवशी मागू नका.

झोप सलग दोन आठवडे लागत नसेल, जेवण तुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पुण्याच्या तारखेची वाट न पाहता सांगलीतच मानसोपचार घ्या. निद्रानाशाचा आणि नैराश्याचा उपचार हार्मोनच्या रांगेत अडकवून ठेवण्याचे काहीही कारण नाही, आणि तो घेतल्याने तुमचे पत्र रद्द होत नाही, ही अनेकांची भीती निराधार आहे. १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. रात्री वाईट विचार अंगावर आले तर त्याच रात्री फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका, आणि आईला उठवा.

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारी २९ वर्षांची ट्रान्स स्त्री आहे. एका मोठ्या रुग्णालयात गेले असता एका विभागातून दुसऱ्या विभागात पाठवत राहिले आणि शेवटी ‘हे इथे होत नाही’ असे सांगितले. त्यानंतर मैत्रिणींच्या सांगण्यावरून मी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून रोज तीन-चार घेते. छातीत थोडा फरक पडला आहे. हल्ली डावी पोटरी दुखते. डॉक्टरांना खरे सांगितले तर ते रागावतील आणि उपचारच नाकारतील असे वाटते. गोळ्या बंद केल्या तर जे मिळाले तेही जाईल, ही दुसरी भीती.

उत्तर : पत्र छापून तुमच्या हाती पडेपर्यंत वेळ जाणार म्हणून तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले आहेच, पण इतर वाचकांसाठी येथेही लिहिणे भाग आहे. अशा गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची एकच पोटरी दुखत असेल, सुजली असेल किंवा गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे किंवा पूर्वी कधी न झालेल्या डोकेदुखीबरोबर दृष्टी धूसर होणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी फुफ्फुसात गेली तर जीव जातो. मला तुम्हाला घाबरवायचे नाही, तुम्ही जगायला हव्या आहात.

माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांत इथिनाइल एस्ट्राडिओल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक असते. गर्भ राहू नये म्हणून स्त्रिया रोज एक गोळी घेतात तेव्हा त्याचे प्रमाण अल्प असते. तीन-चार गोळ्या एकदम घेतल्या की गुठळीचा धोका वाढतो, आणि सिगारेट ओढत असाल तर तो आणखी वाढतो. नेमक्या याच कारणामुळे पारलिंगी स्त्रियांच्या उपचारात हे संप्रेरक वापरू नये असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तेथे साधे एस्ट्राडिओल गोळी, जेल किंवा पट्टीच्या रूपात देतात आणि सोबत पुरुषी संप्रेरक दाबणारे औषध जोडतात. हे दुसरे औषधही निरुपद्रवी नसते. स्पायरोनोलॅक्टोनने रक्तदाब उतरू शकतो आणि पोटॅशियम वाढू शकते, तर सायप्रोटेरोनचे यकृतावर आणि मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतात. म्हणूनच रक्ततपासणीशिवाय ही औषधे मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नयेत. ओळखीच्या माणसाकडून इंजेक्शन टोचून घेण्याविषयी तर याहून कडक शब्दांत सांगावे लागेल, कारण तेथे सुईतून कावीळ आणि एचआयव्ही येण्याची भीती असते.

तरीही तुम्ही गोळ्या का घेतल्या हे मला समजते. समोरचे दार बंद झाल्यावर माणूस मागच्या दाराने जातो, आणि दार बंद करणाऱ्यांनीच नंतर त्याला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे आहे. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचे ३ रे कलम आरोग्यसेवा नाकारण्यास आणि तीत अन्यायाने वागवण्यास मनाई करते, आणि १५ वे कलम हार्मोन उपचार व समुपदेशनाची सोय करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकते. ‘इथे होत नाही’ असे पुन्हा कोणी म्हटले, तर ते केसपेपरवर लिहून मागावे, आणि मग कोठे होते, तेथील संदर्भचिठ्ठी द्या असेही म्हणावे. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा मार्ग सापडतो.

डॉक्टरांना खरे सांगण्याची भीती बाजूला ठेवून, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप जपून ठेवा आणि रोज किती व केव्हापासून घेता ते एका कागदावर लिहून तो कागद पुढे करा. तोंडाने सांगताना अडखळायला होते, कागदाला तसे होत नाही. जाणता डॉक्टर त्यावरून पुढील तपासण्या ठरवेल आणि शक्य झाल्यास तुम्हाला सुरक्षित औषधावर आणेल. न सांगता उपचार सुरू झाले तर दोन्हीकडचे संप्रेरक एकत्र पोटात जाण्याचा संभव असतो.

तुमच्या दुसऱ्या भीतीविषयी : छातीची जी वाढ झाली आहे ती काही आठवडे गोळ्या थांबवल्याने नाहीशी होत नाही, ती बहुतांशी टिकते. त्वचेचा मऊपणा, चरबीची ठेवण अशा गोष्टी मागे जातात, पण योग्य औषध सुरू झाल्यावर त्या पुन्हा येतात. शस्त्रक्रिया न झालेल्या व्यक्तीने या गोळ्या थांबवण्यात शारीरिक धोका नाही. निर्वाण, म्हणजे अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या भगिनींची गोष्ट मात्र वेगळी आहे. अंडकोष काढल्यानंतर शरीरात कोणतेच पुरेसे लैंगिक संप्रेरक उरत नाही आणि बाहेरूनही काही घेतले नाही तर काही वर्षांत हाडे ठिसूळ होतात. ‘आता झाले सगळे, औषध कशाला’ असे म्हणून अनेकजणी उपचार सोडतात, आणि पुढे मणका किंवा खुबा मोडल्यावर कळते. त्यांनी संप्रेरकतज्ज्ञांची भेट टाळू नये.

रांगेत असतानाच्या दिवसांत आवाजाचे आणि केसांचे काम हाती घेता येईल, कारण या दोन्ही गोष्टी एस्ट्रोजेनने, म्हणजे स्त्री-संप्रेरकाने, होत नाहीत. फुटलेला आवाज औषधाने मागे जात नाही, तो वाचातज्ज्ञांकडील सरावाने बदलतो. मोठ्या रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात त्यांचा पत्ता मिळतो. दाढीचे केस लेझरने कमी होण्यास अनेक बैठका आणि बरेच महिने लागतात, तेव्हा आज सुरुवात केली तर औषध मिळेपर्यंत निम्मे काम झालेले असेल. पुढे स्वतःचे मूल हवे असेल तर शुक्राणू गोठवून ठेवण्याचा विचार औषधापूर्वीच करावा लागतो. आणि एकटे जाण्याचे बळ नसेल तर सोबत मागा. सांगलीची संग्राम ही संस्था १९९२ पासून समाजाने बाहेर ठेवलेल्या माणसांच्या आरोग्यासाठी काम करत आली आहे. कोणते डॉक्टर माणसासारखे वागवतात, हे अशा संस्थांतील कार्यकर्त्यांना नामफलकावरील पदव्यांपेक्षा जास्त माहीत असते.

प्रश्न : आम्ही कराडचे. ज्या अपत्याला आम्ही मुलगा म्हणून वाढवले ती माझी मुलगी सध्या इंग्लंडमध्ये शिकते. तेथील सरकारी जेंडर क्लिनिकमध्ये नाव घातले आहे, पण पहिल्या भेटीलाच काही वर्षे लागतील असे कळले. ती इंटरनेटवरून औषधे मागवण्याचे बोलते. तिचे वडील म्हणतात, परत ये, इथे दाखवू. मी तिला काय सांगू?

उत्तर : तिने तुम्हाला हे सांगितले आणि तुम्ही ‘माझी मुलगी’ असे लिहिले, यामुळे पुढचे बरेच सोपे झाले आहे. तिला कळलेली माहिती दुर्दैवाने खरी आहे. तेथील एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, संदर्भचिठ्ठीपासून उपचारापर्यंत १८ आठवड्यांची मर्यादा स्वतःच घालून घेतली आहे, परंतु जेंडर क्लिनिकांच्या बाबतीत प्रतीक्षा वर्षांत मोजली जाते. आपल्याकडे रांगेला नावच नसते म्हणून ती लांबी दिसत नाही, एवढाच फरक.

तिने संदर्भचिठ्ठीची तारीख आणि पोच जपून ठेवावी. पत्ता किंवा फोन बदलला तर क्लिनिकला कळवावे, कारण उत्तर न आल्यास यादीतून नाव जाऊ शकते. विद्यार्थी व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असल्यामुळे तिला तेथील कुटुंब डॉक्टरांची, म्हणजे जीपींची, सेवा मिळते. तेथील डॉक्टरांचे नियमन करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या मार्गदर्शनानुसार रुग्ण स्वतःच औषधे घेत असेल किंवा घेण्याची दाट शक्यता असेल, तर जीपी अनुभवी तज्ज्ञाचा सल्ला घेऊन अंतरिम चिठ्ठी देऊ शकतात. ते बांधील नाहीत आणि पुष्कळजण नकार देतात, पण विचारायला हवे. इंटरनेटवरून मागवण्याचा विचार मनात आहे हे तिने जीपींपासून लपवू नये, कारण त्या मार्गदर्शनाचा आधारच तो आहे.

शिक्षण सोडून परत येण्याचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्टीत ती येईल तेव्हा पुण्यातील किंवा कोल्हापुरातील संप्रेरकतज्ज्ञांची भेट आधीच ठरवून ठेवा, पण आठवडाभराच्या सुट्टीत औषध सुरू करून तिला विमानात बसवू नका. सुरुवातीच्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी लागते. तिकडचे डॉक्टर ती करतील का, हे तिने निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. तज्ज्ञांकडून निदान, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि तपासण्यांचे वेळापत्रक इंग्रजीत टंकलिखित करून घ्यावे. आणि तोपर्यंत तिला फोनवर ‘अजून किती दिवस’ असे विचारू नका. त्याचे उत्तर तिच्याकडे नाही. ती जे नाव वापरते त्या नावाने हाक मारा, तिच्या वडिलांनाही त्याच नावाने हाक मारू द्या.

प्रश्न : जत तालुक्यात मी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. गेल्या वर्षभरात काही पारलिंगी रुग्ण आले. मी त्यांना ‘हा माझा विषय नाही, पुण्याला जा’ असे सांगितले. ते बरोबर होते का, असा प्रश्न आता पडतो. एमबीबीएसच्या पातळीवर काय करता येईल?

उत्तर : डॉक्टर, तुमचे पत्र या वेळच्या टपालातील सर्वांत आशादायक पत्र वाटले. जतहून पुण्याला जाऊन येण्यात दोन दिवसांची मजुरी आणि भाडे जाते, आणि त्यातील निम्म्या फेऱ्या अशा कामांसाठी असतात जी तुमच्या दवाखान्यात होऊ शकतात.

औषध सुरू करण्याचा निर्णय तज्ज्ञांकडे राहू द्या. त्याआधीची आणि नंतरची पुष्कळशी बाजू तुमची आहे. पूर्वी गुठळी झाली होती का, अर्धशिशी आहे का, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार होता का, तंबाखू आणि सिगारेट किती, सध्या स्वतःहून काय घेतले जाते, हे विचारून लिहून ठेवा. रक्तदाब आणि वजन नोंदवा, वाढलेला रक्तदाब आटोक्यात आणा, सिगारेट सोडवा. हे तुम्ही रोज करता तेच आहे. जननेंद्रियांची तपासणी या टप्प्यावर जवळजवळ कधीच लागत नाही, म्हणून ती करू नका. कुतूहलापोटी झालेल्या अशा तपासणीमुळे पुन्हा डॉक्टरांची पायरी न चढलेली माणसे मला माहीत आहेत.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा तपासण्या लागतात. टेस्टोस्टेरॉनवर असलेल्यांत हिमॅटोक्रिटवर लक्ष ठेवा. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर तज्ज्ञांना कळवा. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांचे पोटॅशियम आणि क्रिअ‍ॅटिनिन पाहा. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. फॉर्मवर ‘स्त्री’ लिहिले असेल तर टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या ट्रान्स पुरुषाचे हिमोग्लोबिन त्या अहवालात ठळक अक्षरांत ‘जास्त’ म्हणून छापून येते आणि रुग्ण घाबरून औषध सोडतो. ते पुरुषांच्या मर्यादेशी ताडून पाहा आणि तसे त्याला समजावून सांगा. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, हेही सांगायला विसरू नका.

अपेक्षांविषयी बोलण्यासाठीही तुमच्याइतकी चांगली जागा नाही, कारण तज्ज्ञांकडे तेवढा वेळ नसतो. टेस्टोस्टेरॉनने पाळी बहुधा पहिल्या सहा महिन्यांत थांबते, आवाज सहा महिने ते वर्षभरात उतरू लागतो, दाढी पूर्ण भरायला मात्र चार-पाच वर्षे जातात. एस्ट्रोजेनने छातीची वाढ तीन ते सहा महिन्यांत सुरू होऊन दोन-तीन वर्षे चालते. इतकी वाट पाहिल्यानंतर पहिल्याच महिन्यात आरशात काही दिसले नाही की माणसे खचतात आणि मनानेच मात्रा वाढवतात. तसे केल्याने बदल लवकर होत नाहीत, दुष्परिणाम तेवढे वाढतात, हे आधीच कानावर घातलेले बरे.

कंपाउंडरला रुग्णाचे कागदावरचे नाव मोठ्याने पुकारण्याऐवजी क्रमांक पुकारायला सांगा. हा बदल सर्वच रुग्णांसाठी केला तर कोणाकडे बोट दाखवले जात नाही. आणि तज्ज्ञांकडे पाठवताना संदर्भचिठ्ठीत वरील सर्व नोंदी, अहवाल आणि पाठपुरावा येथे करण्याची तुमची तयारी असल्याचे एक वाक्य लिहा. त्याखाली तुमचा फोन क्रमांक ठळक लिहा, म्हणजे काही शंका आली तर रुग्णाला पुन्हा पुण्याला बोलावण्याऐवजी ते तुम्हालाच विचारतील.